टाचेचा सौदा

मुलीच्या सासूबरोबर पळायला जाऊ नये. हा सल्ला मला वेळेवर कुणी दिला नाही, म्हणून मी तो इथं फुकट देऊन ठेवते. एरवी माझ्याकडून फुकट काही सुटत नाही. तिच्याबरोबर बाजारात जावं, बारशाला जावं, एका ताटात जेवावं. पण एकाच ग्रुपमध्ये, एकाच रस्त्यावर, रोज सकाळी पळायला जाऊ नये. पळताना माणसाचा श्वास, पोट, वय आणि स्वभाव सगळं उघडं पडतं, आणि विहिणी-विहिणींमध्ये काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या असतात.

तिला पळायला मीच आणलं होतं. माझं स्वतःचं पळणं साखरेमुळं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, चालायला लागा. मी विद्यापीठात चालायला लागले. तिथं झाडी आहे, मागं डोंगर आहे, सकाळी मोरही ओरडतात. एक दिवस मागून पळत आलेल्या दोन बायकांनी मला ओलांडलं. ते मला सहन झालं नाही आणि मी पळायला लागले. पन्नाशी ओलांडलेली बाई सलवार-कमीजवर बूट घालून पळते म्हणून सुरुवातीला कॉलेजची पोरं हसली. नंतर त्यांच्यातल्या काहींच्या आयाच आमच्या ग्रुपमध्ये आल्या.

विहीणबाई आल्या त्या माझ्या मुलीच्या भाकरीमुळं. त्या पैठणच्या, शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडं राहायला आल्या. माझा जावई शेंद्र्याला कंपनीत आहे, सकाळी लवकर जातो. मग घरात राहिल्या सासू आणि सून. शाळेत आयुष्यभर मुलांच्या चुका काढलेली बाई. आता मुलं नाहीत, तर चुका कुणाच्या काढणार? भाकरी कडेला जाड राहते, मधे फुगत नाही, पिठात पाणी जास्त पडलं. मुलीनं मला फोन केला, "आई, त्यांना सकाळी कुठंतरी घेऊन जात जा. भाकरी होईपर्यंत तरी." मी आईच्या मायेनं विहीणबाईंना पळायला नेलं. त्यानंतर जे झालं त्याला ती भाकरीच जबाबदार आहे.

आमच्या दोन्ही घरांत मानपान नाही. लग्न बाबासाहेबांना वंदन करून, बुद्धवंदना म्हणून, तासाभरात उरकलं. हुंडा नाही, रुसवेफुगवे नाहीत. मानपान ठेवायचा नाही हे ठरवायला दोन बैठका झाल्या, आणि दोन्ही बैठकांत आधी कुणी बोलायचं यावरून मानपान झाला. तेव्हापासून आम्ही एकमेकींना फार आदरानं वागवतो. मी "जयभीम विहीणबाई" म्हणते, ती "जयभीम विहीणबाई" म्हणते, आणि मग दिवसभर दोघी मनात हिशेब करत बसतो की आधी कोण म्हणालं.

पळायला लागल्यावर काही महिन्यांत ती माझ्या बरोबरीनं पळायला लागली. काटकुळी बाई, उंच, ढांगा लांब. माझं साड्यांचं दुकान, बांधाही दुकानदाराचा. तिच्या काही सवयींनी माझं डोकं फिरायचं. एक म्हणजे ऐन उन्हाळ्यातसुद्धा कमरेला जॅकेट बांधून पळायची. मला वाटायचं, निवृत्तीनंतर फॅशन सुचली. दुसरी म्हणजे पळायच्या आधी पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आम्ही सगळ्या बाटल्या घेऊन निघायचो आणि ही हात हलवत म्हणायची, "मला नाय लागत पाणी." जणू पाणी पिणं हा आमचा दुबळेपणा. मग परतताना तिचं डोकं दुखायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि माझ्याच बाटलीतून घोट घ्यायची.

आता माझ्या मूळ तक्रारीकडं येते. गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या दौडीत आम्ही दोघींनी एकवीस किलोमीटरला नाव दिलं. आधी ठरलं होतं, दोघींनी मिळून पळायचं आणि शेवटची रेघ हातात हात घालून ओलांडायची. माझी मुलगी तिथं फोन धरून उभी राहणार होती. शेवटच्या वळणापर्यंत सगळं ठरल्याप्रमाणं झालं. वळणावर मी तिचा हात धरला, फोटोत दिसावा म्हणून वर उचलला. आणि या बाईनं हात झटकला आणि सुसाट सुटली. इतका वेळ कुठं दडवून ठेवलं होतं ते बळ, कोण जाणे. रेघेच्या पलीकडं गेली ती दिसेनाशीच झाली. फोटोत मी एकटी आहे, एक हात वर, तोंड उघडं, रिक्षा सुटलेल्या बाईसारखी.

नंतर मी विचारलं तर म्हणाली, "राहवलं नाही, विहीणबाई." एवढंच. माफी नाही, कारण नाही. तो फोटो मुलीनं फ्रेम करून दिला, तो मी दुकानात गल्ल्यामागं लावला. गिऱ्हाईक विचारायचं, ताई, हे काय? मी सगळी हकीगत सांगायचे. वर्षभरात आमच्या टीव्ही सेंटर भागातल्या अर्ध्या बायकांना आमच्या विहीणबाईंचा स्वभाव कळला होता. यंदा मला एकच गोष्ट हवी होती. तिच्या आधी ती रेघ ओलांडायची, आणि मागं वळून म्हणायचं, "राहवलं नाही."

आणि टाच मधे आली.

सुरुवातीला फक्त सकाळी दुखायची. पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. चार पावलं चाललं की कमी. पळायला लागलं की आणखी कमी. म्हणून मला वाटलं, पळणं हेच तिचं औषध. मी जास्त पळायला लागले. मग दुपारी दुकानात उभं राहिल्यावर दुखायला लागली, मग संध्याकाळी, मग झोपेतून मुतायला उठलं तरी. माझे मिस्टर म्हणाले, डॉक्टरला दाखव. मी म्हणाले, दौड झाल्यावर.

शेवटी गारखेड्यातल्या एका फिजिओथेरपिस्टकडं गेले. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिनं टाच दाबली, मी ओरडले, तिनं मान हलवली. म्हणाली, तळव्याखाली कापडासारखा एक पट्टा असतो, टाचेपासून बोटांपर्यंत, तो ताणून ताणून टाचेशी विरलाय. हे मला लगेच कळलं. साडी निऱ्यांच्या घडीवर विरते तसं. मग तिनं विचारलं, दुकानात पायात काय घालता? मी म्हणाले, दुकानात पायात कोण घालतं? आमच्या दुकानात गादी आहे, पांढरी चादर आहे. गिऱ्हाईकसुद्धा चपला बाहेर काढतं. दिवसभर मी अनवाणी, गादीवरून फरशीवर, फरशीवरून गादीवर.

"आणि घरी?"

"घरात चपला घालून फिरायला मी काय सिनेमातली सासू आहे?"

ती हसली नाही. म्हणाली, मऊ तळाची चप्पल आजपासून घरात आणि दुकानात. पोटरीचे व्यायाम दिवसातून तीनदा. बाटलीत पाणी गोठवून तळव्याखाली फिरवायची. आणि पळणं बंद, आठ आठवडे.

आता मी धंद्यात कशी वाढले ते सांगायला हवं. मी खांद्यावर गाठोडं घेऊन कचेऱ्यांतून साड्या विकल्या आहेत. सुरतेच्या व्यापाऱ्यांना मी घाम फोडलाय. पहिल्यांदा सांगितलेला भाव हा भाव नसतो, ती फक्त बोलायला सुरुवात असते, हे मला दुधाबरोबर पाजलंय. आठ म्हणाली म्हणजे तिच्या मनात पाच आहेत, हे मी धरलं आणि म्हणाले, "तीन."

"काय तीन?"

"आठवडे. तीन करा. मी रोज येणारं गिऱ्हाईक आहे, दोन बायका आणखी पाठवीन."

"ताई, ही टाच आहे."

"बरं, तुमचं राहू द्या, माझंही राहू द्या. चार."

ती म्हणाली, आठ. वर म्हणाली, सायकल चालवली तर चालेल, पोहायला गेलात तरी चालेल. मला ते साडीवर ब्लाउजपीस फुकट दिल्यासारखं वाटलं. म्हणजे भाव उतरायला लागला होता. अशा वेळी एकच करायचं असतं. मी उठले, पर्स खांद्याला लावली आणि दाराकडं निघाले. गिऱ्हाईक दाराशी गेलं की दुकानदार हाक मारतो, हा जगाचा नियम आहे. मी दारापर्यंत गेले. हाक आली नाही. चप्पल घालायला वेळ लावला. हाक आली नाही. शेवटी तिनं आवाज दिला, आणि मी मनातल्या मनात पाचवर यायला तयार झाले.

"ताई, जिना कठडा धरून उतरा," ती म्हणाली.

असल्या दुकानदाराशी कोण व्यवहार करणार? मी दुसरीकडं भाव काढायचं ठरवलं. ओळखीतल्या एका डॉक्टरनं सहा ते आठ सांगितले. मग दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं पैठणच्या रस्त्यावरच्या एका गावात हाडवैद्य आहे म्हणून सांगितलं. त्यानं टाच हातात घेतली, अंगठ्यानं असं दाबलं की मला माझ्या आजीपर्यंतच्या सगळ्या बायका आठवल्या, आणि म्हणाला, "आठ दिसांत पळाल."

आठ आठवडे कुठं आणि आठ दिवस कुठं. आकडा तोच, माल स्वस्त. मी लगेच घेतला. त्यानं सांगितलं, वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं, पानावर टाच ठेवायची, आणि वर गरम तेलानं जोर लावून चोळायचं. पळू नका असं तो म्हणाला नाही, कारण मी पळते हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांत पळणाऱ्या बायका बसत नव्हत्या.

मिस्टर रोज गॅसवर वीट तापवायचे. रुई शोधायला गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर जायचे. एकदा वीट उचलून म्हणाले, "तू त्या मुलीचं ऐकलं असतंस तर माझे एवढे हाल झाले नसते." मी म्हणाले, तुमची काय टाच दुखतेय? शेक घेताना बरं वाटायचं, हे खरं. पण खाली उतरलं की परत तोच खिळा. आठ दिवस झाले. आणखी आठ झाले. दौड जवळ येत होती.

मग मी तिसरा रस्ता काढला. दुखायची गोळी. रविवारी लांब पळायच्या आधी एक. गोळीनं दुखणं जात नाही, फक्त त्याची बातमी आपल्यापर्यंत येत नाही. पण मला बातमी नकोच होती.

त्या रविवारी ग्रुप दौलताबादच्या बाजूला गेला होता. गाड्या मागं लावून आम्ही किल्ल्याच्या दिशेनं पळत निघालो. पुढं चढ होता. दिवस सीताफळांचे, रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मी गोळी घेतलेली, पाय हलका, मन खूश. विहीणबाई माझ्या मागं होत्या. मी मुद्दाम मागं पाहत नव्हते, तिच्या बुटांचा आवाज ऐकत होते. चढावर मी जोर लावला. तिचा आवाज लांब गेला. मी आणखी जोर लावला, आणि टाचेत असं काही झालं की गोळी, वीट, रुई सगळ्यांना ओलांडून बातमी थेट डोक्यापर्यंत आली.

पाय टेकवताच येईना. लंगडत कडेच्या दगडी कठड्यावर जाऊन बसले. शेजारीच एक सीताफळवाली होती. रडू येत होतं, पण सवयीनं तोंडातून पहिला शब्द निघाला तो "काय भाव?" तिनं सांगितला. मी म्हणाले, जास्त होतो. ती म्हणाली, आधी पाय बघा, बाई.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. मला वाटलं, आता पुढं जाईल. दौडीच्या आधीचं शेवटचं लांब पळणं होतं, तिनं त्याची तयारी केली होती. पण ती थांबली. बूट काढा म्हणाली, मी काढला नाही. मग ती माझ्या शेजारी बसली आणि त्या बाईनं सांगितलेल्या भावात चार सीताफळं घेतली. एका शब्दानं घासाघीस केली नाही. माझी टाच गेली होती, पण त्या क्षणी जास्त दुखलं ते हे.

"तुम्ही पळा," मी म्हणाले. "तुमचं कशाला नुकसान?"

"होऊ द्या."

"गेल्या साली नाही थांबलात."

तिनं सीताफळ फोडलं, अर्धं मला दिलं. बिया हातात जमवत बसली. ग्रुपमधल्या बाकीच्या बायका पुढं निघून गेल्या होत्या. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, तो जाईपर्यंत ती थांबली.

"गेल्या साली थांबले असते," ती म्हणाली, "तर तिथंच ओली झाले असते."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, घामानं?

ती किल्ल्याकडं बघत म्हणाली, "लघवी सुटते मला, विहीणबाई. पळताना सुटते, शिंकलं तरी सुटते. धाकट्याच्या वेळेपासून आहे. पळायला लागल्यापासून वाढलंय. त्या दिवशी तुम्ही हात वर उचललात आणि मला कळलं, आता काही खरं नाही. रेघेच्या पलीकडं डाव्या अंगाला ते फिरते संडास ठेवले होते. मला रेघ दिसतच नव्हती. मला संडास दिसत होते."

कमरेचं जॅकेट. पाणी न पिणं. परतताना पोटऱ्यांत येणारे गोळे. मी वर्षभर ज्याला फॅशन आणि ताठा म्हणत होते ते सगळं माझ्यापुढं एकेक करून उलगडत गेलं, आणि मला हसू आलं. मग रागही आला. वर्षभर इतका जपलेला राग, रोज गिऱ्हाइकांना काढून दाखवलेला, एका वाक्यात जुना माल झाला.

"मग सांगायचं ना," मी म्हणाले.

"कुणाला? सुनेच्या आईला?"

मीही तिला टाचेचं सांगितलं नव्हतं. जावयाच्या आईसमोर लंगडायचं नाही, म्हणून सकाळी ग्रुपमध्ये येण्याआधी मी गाडीपाशीच टाच चोळून घ्यायचे. दोघी एकमेकींसमोर धडधाकट राहायचं म्हणून दोघी आपापलं शरीर मोडत होतो, आणि वर एकमेकींना वेळ किती लागला ते विचारत होतो.

हे सगळं मी आज लिहितेय ते तिच्या परवानगीनं. ती परवानगीही सहज मिळाली नाही. आता ती स्वतःच ग्रुपमधल्या बायकांना सांगते, पळताना असं होत असेल तर लाजू नका, पाणी बंद करू नका, दाखवा. पण त्या दिवशी ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. परवानगी देताना तिची अट एकच होती: गेल्या साली रेघ आधी तिनंच ओलांडली, हे लिहायचं. लिहिलं. कशासाठी ओलांडली तेही लिहिलं.

तर कठड्यावर बसल्या बसल्या मी तिला गारखेड्यातल्या मुलीचं सांगितलं. तिच्या दवाखान्याच्या पाटीवर बायकांच्या अशा तक्रारींचंही लिहिलेलं होतं, ते मी चप्पल घालायला वेळ लावत होते तेव्हा वाचलं होतं. म्हणाले, तुम्ही तिच्याकडं चला.

"मला नाय जमणार तिथं बोलायला."

"मी बोलते."

"तुम्ही बोललात तर सगळ्या गारखेड्याला ऐकू जाईल."

"मग तुम्ही बोला, मी बाहेर बसते. तुम्ही आलात तर मी आठ आठवडे घेते. पूर्ण. एक दिवस कमी नाही. दौड सोडली."

हे तोंडातून गेलं आणि माझं मलाच नवल वाटलं. वर्षभर ज्या रेघेसाठी मी झुरत होते ती मी एका टोपलीशेजारी बसून देऊन टाकली होती. पण दौड मी अशीही धरून ठेवू शकत नव्हते. पाय जमिनीला लागत नव्हता. जे हातातून जाणारच आहे ते देऊन काही मिळत असेल तर मिळवावं, हा धंदाच आहे.

विहीणबाईंनी विचार केला. मग म्हणाली, "घरात कळता कामा नये. पोराला नाय, तुमच्या मुलीलाही नाय."

"माझ्या मुलीपासून मी लपवू? ती मला रोज फोन करते."

"जमत नसेल तर राहू द्या," ती म्हणाली. बिया फेकल्या, हात झटकले, उठली आणि उतारानं चालायला लागली. मला वाटलं, चार पावलांवर थांबेल. थांबली नाही. सीताफळवाली माझ्याकडं बघत होती. विहीणबाई वळणापर्यंत गेली, आणि मी, सुरतेच्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारी, हाक मारली. नाही सांगणार म्हणाले. कुणालाच नाही. ती परत आली, माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि आम्ही दोघी गाडीपर्यंत तशा उतरलो. वाटेत ती म्हणाली, तुम्ही दिसता त्यापेक्षा जड आहात.

त्याच आठवड्यात, दुपारी, दुकान मिस्टरांच्या ताब्यात देऊन मी तिला घेऊन गारखेड्याला गेले. जिना एकेक पायरी करत चढले. त्या मुलीनं मला पाहिलं, पायातली नवीन मऊ चप्पल पाहिली, आणि काहीच बोलली नाही, याबद्दल मी तिला मनातून गुण दिले. टाच पुन्हा तपासली. पट्टा फाटला नव्हता, फाटायच्या बेतात होता. विटेचं सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले. गोळीचं सांगितलं तेव्हा मात्र ती चांगलीच चिडली. गोळी खाऊन लांब पळायचं, त्यात अंगात पाणी कमी, म्हणजे किडनीवर जातं, असं ती मला सांगत होती आणि विहीणबाई शेजारी मान खाली घालून ऐकत होती. पाण्याचं ते वाक्य दोघींच्या वाट्याचं होतं.

"किती आठवडे?" मी विचारलं.

"आता दहा."

मी तोंड उघडलं. विहीणबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. शाळेत काढत असतील तसाच. मी तोंड मिटलं.

मग मी म्हणाले, यांनाही जरा दाखवायचंय, आणि उठून बाहेर आले. दार लागलं. बाहेर तीन खुर्च्या होत्या, भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा बसले होते. आतून काही ऐकू येत नव्हतं. मला कुतूहल नव्हतं असं मी म्हणणार नाही. आतून एकदा विहीणबाईंचा हसल्यासारखा आवाज आला. तिला मी असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं ती तोंडावर पदर धरून, आवाज न करता हसते.

मी नाही म्हणून तीही पळणार नव्हती; दौड आम्हा दोघींशिवाय होणार होती. पुढचं कसं होईल, दहाचे दहा आठवडे मला सोसतील का, तिला ते व्यायाम जमतील का, यातलं काही त्या खुर्चीवर बसून कळत नव्हतं. फक्त दार लागलेलं होतं आणि मला बरं वाटत होतं, एवढं खरं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. सासूबाई दुपारच्या कुठं गेल्यात, फोन उचलत नाहीत, तुझ्याकडं आल्यात का?

माझ्या मुलीशी मी कधी खोटं बोलले नव्हते. निदान सासूच्या बाजूनं तरी कधीच नाही. आजोबा माझ्याकडं बघत होते. मी आवाज चढवला.

"आहेत माझ्यासोबत. आमचं भांडण चाललंय. नंतर कर."

"बरं बरं," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला. तिनं कशावरून हेसुद्धा विचारलं नाही.